आईची शिंपी: गोड्या पाण्यातली की खाऱ्या?

आधी ती शिंपी कशी आहे ते सांगतो, म्हणजे तिच्यासाठी सहाशे किलोमीटर का गेलो ते कळेल. लांबी ६१.४ मिलिमीटर, उंची ५१.२. मापं माझ्या स्वतःच्या व्हर्नियरनं घेतलेली आहेत, तीन-तीन वेळा. बाहेरून गुळगुळीत, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची. फुगवट्यावर दगडावर घासून पाडलेलं बोटभर भोक, आणि भोकाच्या कडेला धार. माझ्या आठवणीत दर उन्हाळ्यात आई गुळांब्याच्या कैऱ्या याच शिंपीनं सोलायची. शिंपीचा फुगवटा कैरीवर टेकवून ओढला की साल भोकातून वर येते, फितीसारखी.

माझ्याबद्दल थोडं. दहावी आणि आयटीआय एवढंच शिक्षण. वाळूजच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. दगड, शंखशिंपले, बिया, पक्ष्यांची पिसं यांचं जे काही कळतं ते शहागंजच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून, डिक्शनरी शेजारी ठेवून शिकलेलं. शिकवणारा कोणी नव्हता. त्यामुळे जे येतं ते पक्कं येतं, असं मी मानत होतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या शाळेला मी माझा संग्रह दिला. काचेचं कपाट केलं, प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी लावली: नाव, कुठली, कोणी आणली, आणि सगळ्यात खाली 'ओळख पटवली', पुढे माझं नाव. आईची शिंपीही मागून घेतली आणि तिच्याखाली लिहिलं: 'गोदावरी नदीतील शिंपला, पैठण.' उद्घाटनाला आई आली होती. तिला वाचता येत नाही. कोणीतरी वाचून दाखवलं तशी ती उठून म्हणाली, "नदीतली नाय ही. समिंदरातली हाय. ह्याच्या बापानं आणली."

माझ्या हातात माईक होता. मी हसून म्हणालो, "आई, बाबा मनमाडच्या पुढं कधी गेलेच नाहीत!"

लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, पण पन्नास माणसं हसली. आईनं पदर सारखा केला आणि खाली बसली. त्यानंतर तीन वर्षं तिनं शिंपीचा विषय काढला नाही. कैऱ्या स्टीलच्या सोलाण्यानं सोलायला लागली.

माझं म्हणणं हवेतलं नव्हतं, हेही सांगतो. वडील गवंडी होते, मी सहा वर्षांचा असताना वारले. माझे दोन्ही चुलते सांगायचे की लग्नाच्या पहिल्या वर्षी तो मनमाडला कामाला गेला आणि सहा महिन्यांनी आला. दुसरं, समुद्रातले शिंपले मी पाहिले होते ते पर्यटकांच्या दुकानातले, पंख्यासारख्या उभ्या रेघांचे. ही तर बिनरेघांची, गुळगुळीत. तिसरं, आमच्या भागात कैरी सोलायची शिंपी म्हटली की ती पैठणहूनच यायची. तीन पुरावे. कारखान्यात एवढ्यावर मी अख्खा लॉट पास केला असता.

या जानेवारीत शाळेत विज्ञानाला नवीन बाई आल्या, नसरीन मॅडम. त्यांनी कपाट उघडून शिंपी उलटी केली आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"काका, एक बात बोलूं? नाराज मत होना. ये अंदर से चमकती क्यों नहीं?"

"साठ वर्षं राखेनं घासलीय, मॅडम. चमक राहील कशी?"

"घासून रंग जाईल काका, थर कसा जाईल? नदीच्या शिंपीला आतून मोत्याचाच थर असतो. मुझे तो ये खारे पानी की लगती है. पण तुम्हीच बघा, माप घ्यायला तुमच्याएवढं कोणाला जमतं?"

मला राग आला. घरी येऊन पैठणहून आणलेली एक ताजी शिंपी घेतली आणि आठ दिवस रोज चुलीच्या राखेनं घासली. नवव्या दिवशी ती आधीपेक्षा जास्त चमकत होती.

मग मात्र जाणं भाग होतं. मॅडम चूक असतील तर चिठ्ठी तशीच राहील. मॅडम बरोबर असतील तर पन्नास माणसांसमोर मी आईला खोटं पाडलं, आणि तेही माझ्याच अडाणीपणानं. हे पुस्तकात बघून मिटणारं नव्हतं. जिवंत शिंपला जिथं राहतो तिथं जाऊन, उकरून, उघडून बघायचा होता.

सोबतीला शेजारचे मुश्ताकभाई. गाड्यांचे एसी दुरुस्त करतात, जुनी पण ठणठणीत गाडी आहे. मी कारण सांगितलं तर म्हणाले, "एक शिंपी के वास्ते इतना दूर? चलो. मैंने भी समंदर बंबई का छोड़ के कहीं देखा नहीं."

निघण्याआधी

खाडीतले शिंपले बघायचे असतील तर सुट्टी बघून निघू नका, चंद्र बघून निघा. पुनव-अवसेच्या आसपास ओहोटी सगळ्यात खोल जाते. खाडी म्हणून मला नावानं ठाऊक होती ती रत्नागिरीकडचीच; तीच ठरवली आणि चैत्रातली पुनव धरली. हनुमान जयंतीला सकाळी निघायचं, तिसऱ्या दिवशी पहाटे खाडीवर असायचं, असा बेत.

आईला फक्त एवढंच सांगितलं की जरा कोकणात जाऊन येतो. ती लसूण सोलत बसली होती.

"कोकणात कुठं?"

"रत्नागिरीकडं."

"रत्नागिरी व्हय?" ती म्हणाली. पुढं काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिनं दुसरा गड्डा फोडायला घेतला. "टोपी घेऊन जा. ऊन लई हाय."

शिंपी आदल्या दिवशी शाळेतून 'साफ करायला' म्हणून आणली होती. व्हर्नियरच्या डबीत कापसात गुंडाळली. आईला दाखवली नाही.

पहिला दिवस: नगर, फलटण, कराड

पहाटे साडेपाचला निघालो. पुण्याची गर्दी टाळायची म्हणून अहिल्यानगरहून दौंड, बारामती, फलटण, सातारा असा रस्ता धरला. अंतर फार वाचत नाही, डोकं वाचतं. दौंडपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ता खाल्लेला आहे, तिथं घाई करू नका. मुश्ताकभाईंनी शहरातून पिवळे नान आणले होते, चौदा. पिशवीत ठेवला तर नान दोन दिवस मऊ राहतो, प्रवासाला यासारखा सोबती नाही. मटणाचा खलिया डब्यात होता तो मात्र फलटणच्या अलीकडे एका लिंबाखालीच संपवला.

संध्याकाळी कराडला मुक्काम. स्टँडजवळची साधी खोली, दोघांत नऊशे. जेवण पिठलं-भाकरी आणि खर्डा. मुश्ताकभाईंनी खर्डा चाखला आणि वेटरला विचारलं, "भैया, ये चटणी है या दुश्मनी?"

दुसरा दिवस: आंबा घाट

कराडहून मलकापूर आणि तिथून आंबा घाट. रस्ता चांगला आहे, वळणांवर हॉर्न द्या. घाट उतरताना दोन गोष्टी झाल्या. अंगावरचा कोरडा घाम ओला झाला, आणि रस्त्याकडेची माती काळ्याची लाल झाली. आमच्याकडचा दगड काळा, इथला जांभा. भोकं पडलेला, विटेसारखा कापून काढतात. एका चिरेखाणीपाशी गाडी थांबवून मी चिऱ्याचं माप घेतलं. मुश्ताकभाई गाडीतून उतरलेच नाहीत. "दुल्हन देखने निकले हैं या पत्थर?" म्हणाले.

दुपारी रत्नागिरी गाठली आणि तिथून एका खाडीकाठच्या वाडीत. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पलीकडच्या तोंडाला रेती उपसून उपसून तिथले शिंपले संपलेत, आता जे आहेत ते अलीकडच्या पट्ट्यात, आणि त्यावर पंधरा-वीस घरांची चूल चालते. माझा ब्लॉग वाचून कोणी टोपल्या घेऊन जावं असं मला वाटत नाही. कुठल्याही खाडीवर गेलात तर आधी तिथल्या बायकांना विचारा आणि त्यांच्या मागून चाला.

आमची राहण्याची सोय सुगंधाकाकींच्या घरी झाली. साठीच्या पुढच्या, काटक, आवाज असा की पलीकडच्या तीरावरचा माणूस वळून बघेल. खोली बाराशे, सकाळचा चहा-नाश्ता त्यातच. जेवण सांगून ठेवावं लागतं.

पोचल्यावर पडवीत बसलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. मी डबी काढून शिंपी दाखवणार होतो, पण हात आवरला. आधी त्यांच्याकडचे बघू, मग आपली दाखवू. निकालाआधी पेपर दाखवायचा नाही.

"काकी, तुमच्याकडं शिंपल्यांत कोणकोणते मिळतात?"

"मुळे गावतात, तिसऱ्या गावतात, खडकावर कालवां. तुमाला खायचीत काय?"

"बघायचीत."

काकी मुश्ताकभाईंकडे वळल्या. "आनी तुमाला?"

"मैं ड्राइवर हूं, काकी. मला फक्त हे किती वेळ बघतात ते बघायचंय."

तिसरा दिवस: ओहोटी

सकाळी साडेसहाला काकींच्या मागून निघालो. चप्पल काढून ठेवा, गाळात ती राहत नाही, आणि शिंपल्याच्या तुकड्यांनी पाय कापू नये म्हणून जुने मोजे घाला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून माझा डावा अंगठा कापला.

नारळांच्या रांगेतून बाहेर आलो आणि मी थांबलोच. आदल्या दुपारी जिथं होड्या तरंगत होत्या तिथं पाणीच नव्हतं. राखाडी, ओली, चमकणारी जमीन पार मधल्या धारेपर्यंत पसरलेली. आणि त्या जमिनीवर बाया. आठ-दहा जणी, कासोटा घालून, उकिडव्या, एका ओळीत. प्रत्येकीच्या हातात लोखंडी पातं. ओळ हळूहळू पुढं सरकत होती.

खुरपायला बसल्यागत.

हे शब्द माझे नव्हते. हे मी ऐकलेलं होतं. लहानपणी आई गोष्ट सांगायची: एक गाव हाय, तिथं पाणी दिसातून दोनदा जातंय न दोनदा येतंय. पाणी गेलं की जमीन उघडी पडती, न बाया तिच्यावर खुरपायला बसल्यागत बसत्यात. मी विचारायचो, काय खुरपतात? आई म्हणायची, दगडाची फुलं. मला वाटायचं परीकथा आहे, रेडिओवर ऐकली असेल. पण देवगाव रंगारीत जन्मलेल्या, समुद्र कधी न पाहिलेल्या बाईला ती ओळ कुठून सुचणार? ज्यानं ती पाहिली त्यानंच सांगितली असणार.

मुश्ताकभाईंनी विचारलं, "क्या हुआ? पांव कटा क्या?"

"हां," मी म्हणालो. अंगठ्यातून रक्त येतच होतं.

तरी पुरावा तो पुरावा. गोष्टीवरून मी चिठ्ठी बदलत नाही.

काकींनी एक पातं माझ्या हातात दिलं. पद्धत अशी: पातं गाळात वीतभर आडवं घालायचं आणि स्वतःकडे ओढायचं. मी वाकून डोळे फाडून बघत ओढत होतो. पंधरा मिनिटांत दोन खडे, एक नारळाची करवंटी.

"काय वो भाऊ, काय शोधताव?" काकी ओरडल्या. "डोळ्यांनी मुळे गावत नायत. कानांनी गावतात!"

सगळी ओळ हसली. मी डोळे मिटले आणि ओढलं. टक. उकरलं तर खडा. पुन्हा टक, खडा. मग एकदा वेगळा आवाज आला, जरा पोकळ, टक न म्हणता टॉक. टूलरूममध्ये आम्ही ड्रिल आवाजावरून ओळखतो, बोथट झालंय की नाही ते. तसाच कान लागतो इथं. उकरलं तर हाताला गार, गच्च मिटलेला, जड. बाहेरून गुळगुळीत. एकही रेघ नाही. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग.

"हा मुळा," काकी म्हणाल्या.

मी लगेच व्हर्नियर काढला.

काकींच्या कमरेला दोरीत लहान मुलाची पितळी बांगडी बांधलेली होती. प्रत्येक मुळा त्या बांगडीतून घालून बघायच्या. आरपार गेला की परत गाळात, अडकला की टोपलीत. "माज्या सासूची बांगडी. ल्हान उचललान की पुढच्या साली काय खाणार?" आमच्याकडं याला गो-नो गो गेज म्हणतात आणि ते कॅलिब्रेट करायला पुण्याहून माणूस येतो. बांगडीचा आतला व्यास मी तीन दिशांनी घेतला: ४२.०, ४२.०, ४१.८. लक्षात घ्या, बांगडीत मुळ्याची उंची अडते, लांबी नाही, कारण तो उभा जातो. टोपलीतले वीस मुळे मी मोजले. एकही बेचाळीसच्या खाली नव्हता. काकींना ते सांगितलं तर म्हणाल्या, "मग? मी काय खोटं बोलतंय?"

त्यांनी मला गाळावरची खूणही दाखवली. पाणी जेमतेम पसाभर उरलेलं असतं तिथं किल्लीच्या भोकासारखी दोन बारीक भोकं दिसतात. मुळा खाली हातभर नसतो, चार-सहा बोटंच. तिथून दोन नळ्या वर काढून बसतो. एकीतून पाणी आत घेतो, त्यातलं खाणं गाळतो, दुसरीतून बाहेर सोडतो. चाहूल लागली की नळ्या आत आणि झाकण बंद. निव्वळ वाळूत तो नीट राहत नाही, निव्वळ चिखलातही नाही. वाळू-गाळ मिसळलेला हवा, आणि पाणी नदीचं आणि समुद्राचं मिसळलेलं. म्हणून खाडीच्या तोंडाशी.

आता उघडायचा होता. काकींनी विळीसारख्या पात्यानं एक मुळा उघडून दिला. मी मांस बाजूला केलं, शिंपी धुतली आणि आत बघितलं. मोत्याची चमक नाही. चिनी मातीच्या कपासारखा पांढरा रंग, मागच्या कडेला जांभळट डाग. आणि कडेला समांतर एक फिकट रेघ, जी एका ठिकाणी थोडीशी आत वळलेली, समुद्रकाठी छोटंसं बंदर असावं तशी. नसरीन मॅडमनी मला कागदावर काढून दिली होती तीच. त्या नळ्या आत ओढून घेणारा स्नायू जिथं चिकटतो, तिथं रेघ आत वळते. नदीच्या शिंपीला अशा नळ्या नसतात, म्हणून तिची रेघ सरळ जाते.

ओल्या वाळूवर मी तीन शिंप्या मांडल्या. पैठणची, घरून सोबत आणलेली: लांबोडकी, आतून झगझगीत, रेघ सरळ. आत्ता उकरलेली. आणि डबीतली आईची.

आईची शिंपी उन्हात तिरकी धरली. भिंग लावलं. साठ वर्षांच्या राखेनं जांभळा डाग गेलेला होता. पण रेघ होती. आणि रेघेत तो लहानसा वळसा होता. मी या शिंपीची लांबी, उंची, जाडी, वजन, सगळं घेतलेलं आहे, आतून कधी तिरकी धरून बघितली नव्हती.

काकी माझ्या खांद्यावरून वाकल्या. आईची शिंपी त्यांनी माझ्या हातातून सहज घेतली, भोकावरून अंगठा फिरवला.

"ही कैरी सोलायची. आमच्याकडं पण असतात. कुनाची?"

"माझ्या आईची. वडिलांनी नेली होती इकडून." हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारत होतो.

"एकशिपीचा रस्सा खाल्लान असेल, मग शिपी नेलान बायकोला," काकी म्हणाल्या, आणि पुन्हा ओळीत जाऊन बसल्या. त्यांच्यासाठी त्यात आश्चर्य काहीच नव्हतं.

मुश्ताकभाईंनी विचारलं, "फैसला हुआ?"

"झाला. आई बरोबर."

"तो फोन लगाओ अम्मी को."

"फोनवर नको."

"क्यों? माफी को नेटवर्क नहीं मिलता?"

जेवण, आणि एक सूचना

दुपारी काकींनी एकशिपी केल्या. मुळे आधी पाण्यात ठेवतात, म्हणजे आतली वाळू सोडून देतात. घाई केलीत तर दातांखाली कचकच. मग उघडून एक शिंपी टाकायची आणि मांस असलेली दुसरी शिंपी तशीच रश्श्यात जायची. ओलं खोबरं, आलं-लसूण, तिरफळाचा वास. वाडगाभर रस्सा आणि भात मिळून दोनशे रुपये. मी उरलेला नान त्यात बुडवला. आमच्याकडच्या नानाला आणि कोकणच्या मुळ्याला एकत्र बसवणारा बहुधा मी पहिलाच असेन, आणि जमतं. मुश्ताकभाईंनी सुरमई मागवली. "हमारे में मच्छी चलती है, ये नहीं चलता." तेवढ्यात काकींची शेजारीण, खाडीकाठचीच मुसलमान बाई, ताट घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्यात चालतंय की!" मुश्ताकभाई म्हणाले, "आपा, तुमचा समंदर, तुमचे कायदे."

सूचना: शिंप्या घरी न्यायच्या असतील तर उकळून, घासून, उन्हात वाळवून न्या. आणि प्रत्येक उघडून बघा. मी सहा नेल्या, त्यातली एक मिटलेलीच राहिली होती. आंबा घाट चढेपर्यंत काही कळलं नाही. कराडच्या पुढे मुश्ताकभाईंनी चारही काचा खाली केल्या आणि साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. एसी दुरुस्त करणाऱ्या माणसाला एसी बंद ठेवून चालवायला लावू नये.

घरी

पाचव्या दिवशी संध्याकाळी पोचलो. आई मागच्या पायरीवर बसलेली, पुढ्यात टोपलीभर कैऱ्या, हातात स्टीलचं सोलाणं. मी पाय धुतले, तिच्यासमोर बसलो आणि डबी उघडून शिंपी तिच्या हातात दिली.

"आई, माझं चुकलं. खाऱ्या पाण्यातलीच आहे."

तिनं शिंपी उलटसुलट केली. भोकावर अंगठा फिरवला.

"धार घालवलीस की रं कपाटात ठिवून," ती म्हणाली. आणि पायरीच्या दगडावर शिंपी घासायला लागली. घासता घासता म्हणाली, "म्या काय खोटं बोलणार व्हते का तेवढ्या माणसांत?"

मी म्हणालो, शाळेत चिठ्ठी बदलतो, आणि ज्या मुलांसमोर तेव्हा बोललो त्यांच्यातली जी शाळेत आहेत त्यांच्यासमोर सांगतो. कपाटात मी नवी आणलेली शिंपी ठेवतो, ही तुझ्याकडंच राहू दे. चिठ्ठी मी परतीच्या मुक्कामात कराडच्या खोलीतच लिहून ठेवली होती, पेन्सिलनं, नंतर शाईनं गिरवायला. तिला वाचून दाखवली:

'मुळा. शास्त्रीय नाव मेरेट्रिक्स. खाडीच्या तोंडाशी वाळूमिश्रित गाळात राहतो. अशीच एक शिंपी कोंडिबा गवंडी यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी रत्नागिरीहून घरी आणली. ओळख पटवली: गयाबाई कोंडिबा.'

स्वतःचं नाव ऐकून आई हसली नाही. तिचा हात थांबला.

"रत्नागिरी कुणी सांगितलं तुला?"

"म्हणजे?"

"रत्नागिरी नाय. दाभोळ. मनमाडवरून रेल्वेनं पुढं गेला त्यो, मुकादमासंगं. मग यष्टीनं चिपळूणला, न तिथून होडीत बसला. दाभोळला धक्क्याचं दगडकाम व्हतं. साडेपाच महिनं व्हता तिथं. सहा नाय."

चुलत्यांना मनमाडपर्यंतचं ठाऊक होतं, कारण तिथपर्यंत ते पोचवायला गेले होते. पुढचं ज्या माणसाला ठाऊक होतं ते साठ वर्षं माझ्याच घरात होतं. आणि मी दौंड, फलटण, कराड करत दुसऱ्याच खाडीवर जाऊन आलो होतो.

"अगं, मग मी निघालो तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगणार व्हते," आई म्हणाली. शिंपीची धार तिनं नखावर तपासली, आणि कैरीवर पहिली ओढ दिली. साल भोकातून वर आली, अखंड. "म्हटलं, परत मनमाडच काढशील."

पेन्सिलनं लिहिलं होतं म्हणून बरं. रत्नागिरी खोडलं, दाभोळ लिहिलं. मग विचारलं, "अजून काय काय सांगायचे बाबा तिथलं?"

आईनं स्टीलचं सोलाणं माझ्याकडं सरकवलं.

"ती अर्धी टोपली तू घे," ती म्हणाली. "लई येळ लागंल सांगायला."